खुर्ची फिरवून बसणारी पाहुणी

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा म्हणायचा, हिला देवानं स्वतःच्या हाताने प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन पाहील. त्यात खोटं काही नाही. पण हॉटेलात राहून माणूस संशयी होणार नाही तर काय होईल? आठ वर्षं आम्ही त्या तलावाकाठच्या हॉटेलात काढली, आणि आठ वर्षांत सरळ माणूस मी दोन-तीनदाच पाहिला असेल.

हॉटेल भंडाऱ्याच्या एका राइस मिलवाल्याचं होतं. सहा खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढे लांब व्हरांडा, त्यात वेताच्या खुर्च्या, आणि समोर पसरलेला तलाव. तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं, काठाला कमळं, हिवाळ्यात पाण्यावर बदकांचे थवे. नागपूरची, रायपूरची माणसं दोन-चार दिवस हवा खायला यायची. माझा नवरा तिथला मॅनेजर. स्वयंपाक माझ्याकडे. व्हरांड्याच्या एका टोकाला स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे आमची एक खोली, एवढाच आमचा संसार. लेकरू झालेलं नव्हतं, म्हणून पाहुण्यांकडे बघायला मला भरपूर वेळ होता.

आणि मी बघायचे. एक प्रोफेसर यायचे, गळ्यात दुर्बीण. बदकं पाहतो म्हणायचे. पण त्याच बाजूला गावातल्या बायांचा धुण्याचा घाट होता, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्या मागे उभी राहून दुर्बीण कुठे वळते ते पाहिलं. ते बदकंही पाहत होते आणि घाटही पाहत होते. एक जोडपं आलं, नवीन लग्न झालंय म्हणे, पण बाईच्या हाताला मेंदीचा डाग नाही आणि जेवताना दोघं एकमेकांना ताट सरकवताहेत बहीणभावासारखी. ती खरंच बहीणभाऊ निघाली, बापाच्या अस्थी घेऊन चालली होती आणि अस्थी असलेल्याला कोणी खोली देत नाही म्हणून खोटं बोलली होती. मला वाईट वाटलं, पण खोटं ते खोटंच. नवऱ्याला म्हटलं, पाहा, मी म्हणत नव्हते?

एक गोष्ट मात्र मी कोणावरही संशय असला तरी चुकवत नव्हते. हॉटेलातून निघणाऱ्या प्रत्येक सवाष्णीची मी ओटी भरायचे. माझं सासर दिघोरीचं, धानाचं. मळणी-चुरणं झालं की घरचा तांदूळ पोत्याने यायचा. त्यातल्या पाच मुठी बाईच्या पदरात, कपाळाला हळदकुंकू, बस. माझी आई म्हणायची, दारातून जाणारी बाई रिकाम्या पदराने जाऊ देऊ नये, मग ती कोणीही असो. शहरातल्या बायांना त्याचं फार अप्रूप वाटायचं. अभिप्रायाच्या वहीत जो तो लिहायचा, अगदी घरच्यासारखं वाटलं. तलावाचं कौतुक कमी आणि माझ्या तांदळाचं जास्त.

जिची ही गोष्ट, ती बाई पहिल्यांदा आली ती आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यात. एकटीच. चाळिशीच्या आतबाहेरची, अंगाने सडसडीत, कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात रेग्झिनची पिशवी. रजिस्टरमध्ये नर्स म्हणून लिहिलं आणि गाव रायपूर. त्या काळात कुंकू लावलेली बाई नवऱ्याशिवाय, लेकरांशिवाय हॉटेलात येऊन राहते, हेच मुळी आमच्याकडे ऐकलेलं नव्हतं. त्यात माझ्या नवऱ्याने काय करावं? एरवी कोणाची पिशवी उचलायला हा माणूस हात लावत नसे. हिची पिशवी स्वतः घेऊन गेला आणि कोपऱ्यातली, तलावाच्या अंगाची चांगली खोली न मागता दिली.

"ओळखीची आहे काय हो?" मी विचारलं.

"पाहुणी आहे," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मला दुसरी गोष्ट दिसली. सगळे पाहुणे व्हरांड्यात तलावाकडे तोंड करून बसायचे. त्याचेच तर पैसे देऊन येत होते. ही बाई आली, खुर्ची धरली, फिरवली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बसली. तलाव पाठीशी. मी भाकरी थापतेय, कांदा चिरतेय, चूल फुंकतेय, आणि ही बसून राहिली आहे. मी मान वर केली की ही खाली पाहायची. स्वयंपाकघराच्या दारातूनच माझ्या नवऱ्याचं येणंजाणं असायचं. आता बाई तिकडे कोणाला पाहत असेल, हे सांगायला ज्योतिषी लागतो काय?

जेवताना तिने कमळाच्या देठाची भाजी मागितली. तलावातले देठ आमच्याकडे नेहमी असायचे. मी वाढली तर हळूच म्हणाली, "यात आंबाडी घालता काय तुम्ही?"

आंबाडीचा आंबटपणा त्या भाजीत माझी आईच घालायची. माझ्या माहेरी, पवनीत, बाकी कोणी घालत नाही, सासरी तर हसले होते मला. ही गोष्ट हॉटेलात माझ्या नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. म्हणजे दोघांचं बोलणं अगदी भाजीपर्यंत आलं होतं. तीन दिवसांनी ती निघाली तेव्हा ओटी भरली, पण पाचाऐवजी तीनच मुठी. वहीत तिने लिहिलं होतं, घरच्यासारखं वाटलं. सगळेच लिहायचे.

माझ्या माहेराविषयी इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही पवनीचे विणकर. घरात दोन माग. बाप विणायचा, आई दोरा भरून द्यायची. मी त्यांची एकुलती. थोरली एक बहीण होती, मी चार वर्षांची असताना पटकीने गेली असं घरात सांगत. तिचा चेहरा मला आठवत नाही, फोटो काढायची रीत नव्हती, आणि बापासमोर तिचं नाव काढायची सोय नव्हती. माझ्या लग्नाच्या वर्षी बापाने माझ्यासाठी खास ताणा लावला. एका ताण्यावर दोन साड्या, दोन्ही मला. आईचे डोळे तेव्हाच अधू झाले होते. तिने लाल किनारीच्या दोऱ्यात एक हिरवा दोरा भरून दिला आणि ताणा चढेपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. ताण्यातला दोरा म्हणजे साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार. बाप आधी चिडला, मग म्हणाला, "राहू दे, माह्या पोरीची साडी गर्दीत हरपणार नाही." एक साडी मी नेसायचे. दुसरी, पहिली विरली की नेसायची म्हणून, पेटीच्या तळाशी घालून ठेवली होती.

ती बाई पुढच्या वर्षी पुन्हा आली. पुन्हा कोपऱ्यातली खोली, पुन्हा फिरवलेली खुर्ची. एकदा मी विहिरीवरून येत होते, तर ती कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ उभी आणि माझा नवरा तिच्या शेजारी. मला पाहून दोघं दोन दिशांना गेले. मी नवऱ्याला विचारलं, काय बोलून राहिले होते? तो म्हणाला, "टॉवेल मागत होती." टॉवेल तिच्या खोलीत मीच सकाळी दोन ठेवले होते. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. तोही बोलला नाही, आणि न बोलण्याने माझा संशय पक्का झाला. तिची ओटी त्या खेपेला मी भरलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

तिसऱ्या वर्षी ती निघाली तो दिवस मला आताही जसाच्या तसा दिसतो. नवरा सकाळच्या बसने भंडाऱ्याला किराणा आणायला गेला होता. दोन दिवस राहून बाई त्या दुपारी निघणार होती. जेवायला म्हणून ती खोलीतून बाहेर आली आणि माझ्या हातातली कढई खाली आदळली. तिच्या अंगावर माझी साडी होती. लाल किनार, आणि किनारीत तो हिरवा दोरा, खांद्यावरून पायापर्यंत.

मी आमच्या खोलीत गेले, पेटी उघडली. सगळं बाहेर फेकलं. साडी नव्हती. पेटीला कुलूप नव्हतं, पण तिला हात लावणारे आम्ही दोघंच होतो. मी लावला नव्हता.

बाहेर आले तर ती खुर्चीवर बसलेली होती. तशीच, स्वयंपाकघराकडे तोंड करून. पदर मांडीवर पसरून ठेवला होता. लपवायचं सोडा, दाखवत होती.

"साडी छान आहे," मी म्हटलं. "कोठची?"

"माहेरची," ती म्हणाली.

"माहेर कोणतं?"

"पवनी."

"पवनीत कोणाचं घर?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या ओठांत हसू होतं. म्हणाली, "तूच सांग ना. तुले तर दोरा वळखता येते."

इतकी निगरगट्ट बाई मी जन्मात पाहिली नव्हती. माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, लिहायची माझी हिंमत नाही. पण थोडं लिहावं लागेल. मी म्हटलं, "माह्या बापानं इणली ते साडी, माह्यासाठी. माह्या पेटीतून चोरून तुमच्या अंगावर आली. गळ्यात मंगळसूत्र घालून दुसरीच्या नवऱ्याच्या हातची साडी नेसता, लाज कशी नाही वाटत? माहेर म्हणे पवनी. पवनीच्या घरात असली बाई जन्मली असती तर तिले तेव्हाच नदीत सोडली असती."

तिचं हसू हळूहळू गेलं. उठून खोलीत गेली. थोड्या वेळाने स्वतःच्या पांढऱ्या व्हायलच्या साडीत बाहेर आली आणि माझी साडी खुर्चीवर ठेवली, नीट घडी करून. आमच्या माहेरी साडीची घडी एका विशिष्ट रीतीने घालत, किनार बाहेर आणि पदराच्या तीन पट्ट्या वर दिसतील अशी, कारण गिऱ्हाईक आधी तेच बघतं. ही घडी तशीच होती. मला ते दिसलं. दिसून मी काय विचार केला असेल? साडीबरोबर घडीची रीतही उचलली हिने, हा.

पिशवी घेऊन ती पायरीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. पदराचं टोक तिने दोन्ही हातांत धरलं होतं. ओटीसाठी. एवढं ऐकून घेतल्यावरही ती ओटीसाठी थांबली होती. तांदळाचा डबा माझ्या हाताशी होता. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. फटीतून पाहत राहिले. किती वेळ उभी होती देव जाणे. मग दुपारची बस पाळीवरून आली आणि ती गेली.

नवरा संध्याकाळच्या बसने आला. मी साडी त्याच्यासमोर टाकली आणि म्हटलं, आता बोला. तो साडीकडे पाहून एवढंच म्हणाला, "गेली काय ते?" आणि पायरीवर बसला. मला वाटलं, पकडला गेला म्हणून बसला. मी जे दुपारी बोलले ते सगळं त्याला सांगितलं, शब्द न् शब्द, मोठ्या तोऱ्यात. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अवं, बहीण होती ते तुही," तो म्हणाला. "थोरली."

पटकीबिटकी काही नव्हती. अठराव्या वर्षी ती दुसऱ्या जातीतल्या एका ड्रायव्हरबरोबर गेली होती. बापाने त्याच दिवशी नदीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली आणि घरात सांगून ठेवलं, ती मेली. माझ्या लग्नानंतर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन गोंदियाला झालं, तेव्हा तिथल्या दवाखान्यात हीच नर्स निघाली. मायलेकी पंधरा दिवस सोबत राहिल्या. तिने आईजवळ एकच मागितलं, धाकटीला एकदा पाहू दे. आईने माझ्या नवऱ्याला घातली शपथ. एक बाई येईल, तिची सोय करा, पण पोरीला सांगू नका, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, बापाच्या कानावर गेलं तर तो मलाही घराबाहेर काढील. रजिस्टरमधलं गावही म्हणूनच खोटं.

"मंग साडी?" मी विचारलं.

"दोरीवर तुही साडी वाळत होती. किनारीवर बोट ठेवून रडून राहिली होती, हा बापाचा हात आहे म्हणे, अन् हा आईनं सांगितला तो दोरा. मीच देल्ली पेटीतली. तुह्यापाशी दोन होत्या." मग म्हणाला, "या खेपेले नेसून येतो म्हणे. तुम्ही सांगितलं नाही तर तुमची शपथ मोडत नाही म्हणे. साडी पाहून धाकटीच मले वळखन."

मी ओळखली होती. साडी ओळखली होती, घडी ओळखली होती, आंबाडी ओळखली होती. माणूस तेवढं राहिलं.

त्यानंतर ती आली नाही. कोपऱ्यातली खोली हिवाळ्यात रिकामी असली तर मी उगीच झाडून ठेवायचे. आईकडून मी तिचा पत्ता घेतला, बालाघाटचा, गोंदिया सोडून ती तिकडच्या दवाखान्यात गेली होती. आई म्हणाली, "बाप जिता आहे तोवर जाऊ नको." मी गेले नाही. पाच वर्षं गेले नाही. बापाचं नाव पुढे करणं सोपं होतं, खरं म्हणजे मला तोंड नव्हतं. या पाच वर्षांत पाहुण्यांवर संशय घेणं काही सुटलं नाही, उलट प्रत्येक एकट्या बाईच्या खुर्चीवर माझी नजर जायची, ती कोणत्या बाजूला वळते म्हणून. आम्ही हॉटेल सोडून दिघोरीला राहायला आलो त्याच साली बाप गेला. तेरावं झालं आणि मी पोस्टकार्ड टाकलं. येते म्हणून लिहिलं, कशाला ते लिहिलं नाही. उत्तर आलं नाही, तरी निघाले. सोबत ती साडी.

दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. दार तिनेच उघडलं. केस पिकले होते. "या," म्हणाली. पाय धुवायला पाणी दिलं, खुर्ची दिली, गूळपाणी दिलं. नवरा ड्यूटीवर, पोरं कॉलेजात, असं दोन वाक्यांत सांगून स्वयंपाकाला लागली. सगळं रीतीने, परक्या पाहुण्याला करावं तसं. कुठे उणं नाही की कुठे जास्त नाही. मला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. मी ती उचलून फिरवली आणि तिच्याकडे पाहत बसले. तिची कांदा चिरायची रीत आईचीच होती. विळीवर डावा गुडघा तसाच वर.

जेवलो. आंबाडी घातलेली भाजी होती. बापाचं विचारलं तिने, शेवटी काय झालं, त्रास झाला काय. मी सांगितलं. त्या दुपारचा विषय तिने काढला नाही आणि माझ्याने निघेना. जिभेला एरवी हाड नसलेली मी, तिथे बसून मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत होते. साडी काढून खाटेवर ठेवली. तिने पाहिली, पण हात लावला नाही.

निघायची वेळ झाली, माझी चारची बस होती. तिने कोपऱ्यातून तांदळाचा डबा काढला, हळदकुंकवाची कोयरी आणली. मी पदर पुढे केला. कुंकू लावलं, आणि तिने पाच मुठी मोजून घातल्या. पाचच, पूर्ण. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तिने पुसलं नाही. मी वाकून नमस्कार केला आणि पिशवी उचलली.

ती दारातून बाजूला होईना. तांदळाचा डबा तिने माझ्यापुढे खाली ठेवला, पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि माझ्यासमोर उभी राहिली, त्या दुपारी पायरीवर उभी होती तशी.

"माही राहिली आहे," ती म्हणाली.

मी घरून तांदूळ आणायला विसरले होते, दिघोरीत पोती भरून असताना. मग तिच्याच डब्यातले तांदूळ मी तिच्या पदरात घातले. पहिली मूठ, दुसरी मूठ. घाईत निम्मे दाणे खाली गेले. पाचव्या मुठीनंतर खाटेवरची साडी उचलून वर ठेवली. तिने पदर आवळून धरला आणि खाली बसली, मीही बसले, आणि फरशीवर सांडलेला एक एक दाणा आम्ही दोघी वेचत राहिलो. तेवढ्यात माझी बस गेली.